चौकातले हलते शिल्प : मागणी, घडण आणि देखभाल

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'सार्वजनिक वस्तू' ही संकल्पना समजावून सांगताना रस्त्यावरच्या दिव्याचे उदाहरण दिले. एकाने उजेड वापरला म्हणून दुसऱ्याचा उजेड कमी होत नाही, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याला त्या उजेडातून बाहेरही काढता येत नाही. म्हणून असा दिवा कोणी दुकानदार विकायला ठेवत नाही, तो सर्वांनी मिळून लावावा लागतो. उदाहरण अगदी चपखल होते. परंतु तास संपल्यावर माझ्या डोक्यात घोळत राहिला तो एक वेगळाच दिवा, आणि तो बंद होता.

अकोल्यात आम्ही राहतो त्या भागातल्या एका चौकात काही वर्षांपूर्वी सुशोभीकरण झाले. मधोमध स्टीलच्या मोठ्या पाकळ्यांचे फूल, पाकळ्या हळूहळू फिरणाऱ्या, आतून रंगीत दिवे आणि सभोवती कारंजे. उद्‌घाटनाच्या संध्याकाळी आम्ही मुले कठड्याला लटकून दोन तास ते पाहत होतो. पुढच्या पावसाळ्यात फूल फिरायचे थांबले, नंतर कारंजे आटले आणि दिवाळीच्या सुमारास दिवेही गेले. आता त्या पाकळ्यांवर कबुतरे बसतात आणि कठड्यावर निवडणुकीची पत्रके चिकटवलेली असतात. माझे वडील मोटार रिवाइंडिंगचे काम करतात. मागच्या उन्हाळ्यात रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे तिकडे फिरायला गेलो, तेव्हा त्यांनी कठड्यातून हात घालून पाकळी थोडी ढकलून पाहिली, कान लावला आणि म्हणाले, "मोटर चांगली असन. बेअरिंग जाम झाली. लहान काम हाय." मग खालच्या लोखंडी झाकणाकडे बघून त्यांनी विचारले, "पन याची चावी कोनापाशी हाय?"

दुसऱ्या दिवशी मी तीन ठिकाणी विचारले. चावी कोणाकडेच नव्हती. ज्याने काम केले तो ठेकेदार परगावचा होता, त्याची मुदत संपली होती, आणि झाकणाखाली काय आहे याचा नकाशाही कोणाच्या कपाटात सापडला नाही. शहराच्या नूतनीकरणात हलणारे आणि उजळणारे शिल्प हवे असेल तर त्याची मागणी कशी करावी, हा या लेखाचा विषय त्या चावीच्या शोधातून निघाला आहे. मी कलेचा विद्यार्थी म्हणजे 'आर्ट्‌स'चा विद्यार्थी, चित्रकलेचा नव्हे. तरी हा प्रश्न थोडा कलेचा, थोडा यंत्राचा आणि बराचसा हिशेबाचा असल्यामुळे मला त्यात हात घालावासा वाटला.

प्रथम नावाविषयी. ज्या शिल्पात हालचाल हाच घडणीचा भाग असतो त्याला गतिशिल्प म्हणता येईल. पाश्चात्त्य कलेत याची सुरुवात साधारण शंभर वर्षांपूर्वीची आहे. नाउम गाबो या रशियन शिल्पकाराने १९१९-२० च्या सुमारास पोलादाची एक उभी पट्टी मोटारीने थरथरवून हवेत लाटेचा आकार उभा केला. पट्टी एकच, परंतु थरथरताना ती भरीव वस्तूसारखी दिसते. पुढे मोहोली-नाज याने १९३० मध्ये फिरणारे धातूचे तुकडे आणि विजेचे दिवे यांचे एक यंत्र केले. त्यात भिंतीवर पडणाऱ्या सावल्या हेच खरे चित्र होते. अमेरिकेचा अलेक्झांडर काल्डर याने मात्र मोटार सोडून दिली आणि तारांना पत्रे टांगून ते वाऱ्यावर सोडले. हाच काल्डर १९५५ मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला होता आणि तिथे राहून त्याने काही शिल्पे केली, हे वाचून मला नवल वाटले. आपल्याला वाटते की या गोष्टी फार लांबच्या आहेत, आणि त्या शेजारच्या राज्यात होऊन गेलेल्या असतात.

बेल्जियममधील लिएज शहरात निकोला शोफेर याचा ५२ मीटर उंचीचा मनोरा १९६१ मध्ये उभा राहिला. त्याचे पत्रे आणि आरसे फिरत, दिवे पेटत. जगभर त्याचे कौतुक झाले, आणि तोही बंद पडला. पुष्कळ वर्षे तो नुसता सांगाडा होता; मोठी दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे आमच्या चौकातल्या फुलाला थोर सोबत आहे. अलीकडचे उदाहरण प्रागचे. तिथे एका व्यापारी संकुलाच्या बांधकामाबरोबर डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराने लेखक काफ्का याचे ११ मीटर उंचीचे डोके २०१४ मध्ये उभारले. स्टीलचे ४२ थर एकावर एक रचलेले असून प्रत्येक थर स्वतंत्र फिरतो. चेहरा मोडतो आणि पुन्हा जुळतो. ते डोके एका संकुलाच्या आवारात आहे आणि संकुलाला गिऱ्हाईक हवे असते, हे लक्षात ठेवावे.

भारतातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंडीगढचा 'उघडा हात' होय, आणि मागणीच्या दृष्टीने तेच अधिक शिकवणारे आहे. ल कॉर्ब्यूझिए याने १९५० च्या दशकात चंडीगढची आखणी करतानाच हे स्मारक कल्पिले. वाऱ्याबरोबर दिशा बदलणारा धातूचा प्रचंड पंजा. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा. त्यासाठी त्याने नेहरूंकडे पाठपुरावा केला. नव्या देशापुढे खर्चाचे इतर शेकडो विषय होते. नेहरू १९६४ मध्ये गेले, कॉर्ब्यूझिए १९६५ मध्ये गेला, आणि हात उभा राहिला तो १९८५ मध्ये. एकूण उंची सुमारे २६ मीटर, वरच्या धातूच्या हाताचे वजन सुमारे ५० टन. हा हात घडवला कोणी? भाक्रा-नांगल धरणाच्या कामासाठी उभ्या राहिलेल्या नांगलच्या कार्यशाळेने. धरणाचे दरवाजे आणि यंत्रे सांभाळणाऱ्या लोकांनी ५० टनांची वस्तू वाऱ्याने फिरेल अशी बसवली. शिल्पकाराच्या नावाबरोबर या कार्यशाळेचे नाव सहसा घेतले जात नाही. मला मात्र तेच अधिक महत्त्वाचे वाटते; कारण पत्र्याला आकार देणे आणि पत्र्याला वर्षानुवर्षे फिरते ठेवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

आता आपल्याकडे वळू. हलणारी, उजळणारी आणि सर्वांच्या पैशातून उभी राहणारी कला वऱ्हाडात नाही असे कोणी म्हणेल तर ते बरोबर ठरणार नाही. देवळापुढची दीपमाळ ही दगडाची असली तरी तिच्या खोबणीत पणत्या पेटल्या की ती हलू लागते. वाऱ्याने ज्योती एका बाजूला कलतात आणि सारी माळ झुकल्यासारखी वाटते. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला आणणाऱ्या कावडी आणि पालख्या पाहा. भरण्यांच्या रांगा, रोषणाई, झांकी, आणि हे सगळे माणसांच्या खांद्यांवर हलते. परंतु प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे गणेशोत्सवातले हलते देखावे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे मी पडद्याच्या मागून पाहिले आहे.

पुण्या-मुंबईच्या देखाव्यांची कीर्ती मोठी आहे. पुण्याच्या तुळशीबाग मंडळासाठी शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी १९७५ मध्ये फायबरची मूर्ती घडवली. टिकाऊ आणि हलके साहित्य उत्सवात आले की सजावटीचा सारा विचारच बदलतो. आमच्याकडे अमरावतीचा बुधवारा, अकोल्याचे जुने शहर इथली मंडळे आपापल्या ऐपतीप्रमाणे देखावे करीत आली आहेत. माझे वडील वर्षाचे अकरा महिने विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बांधतात. आषाढ सरत आला की मंडळाची पोरे दुकानात येऊन बसतात. "काका, या वर्षी गजेंद्रमोक्ष करू," कोणी म्हणतो. कोणाला कालियामर्दन हवे असते. मग बोलणी सुरू होतात. वर्गणी किती जमेल, मंडप किती फुटांचा, वीज कुठून घेणार, पाऊस आला तर ताडपत्री कुठवर येईल. कागद नसतो. वहीच्या पाठीमागच्या पानावर वडील पेन्सिलीने काहीतरी काढतात, आकडा ठरतो, इसार म्हणून काही रक्कम हातावर ठेवली जाते, आणि चतुर्थीची तारीख पंचांगाने ठरवलेलीच असते. या कामात मुदतवाढ नावाचा प्रकार नाही.

यंत्राचे गणित सोपे असते. साधी मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. हत्तीची सोंड मिनिटाला चार-पाच वेळांपेक्षा जास्त हलली तर ती सोंड वाटत नाही, माशा मारणारा हात वाटतो. म्हणून वेग उतरवावा लागतो. दोन इंची पुलीवरून सोळा इंची पुलीवर पट्टा घेतला की वेग आठव्या भागावर येतो. पुढे चाळीसास एक अशा प्रमाणाचा वर्म गिअर जोडला की फेरे उरतात मिनिटाला साडेचार. मग फिरण्याचे झुलणे करायचे. चाकाच्या केंद्रापासून बाजूला एक खिळी बसवून तिला दांडी जोडली की दांडी पुढेमागे जाते. लहान हालचालींना, म्हणजे मान डोलणे किंवा पापणी मिटणे, मोटारगाडीच्या काचपुशाची १२ व्होल्टची मोटर पुरते. तिच्यात गिअर आतच असतो आणि भंगार बाजारात ती स्वस्त मिळते.

अवघड होते ते सुदर्शन चक्र. चक्र फिरले पाहिजे आणि त्याच्या काठाला दिवेही पेटले पाहिजेत. दिव्यांना तार लागते, आणि चक्राबरोबर तार फिरली तर दहाव्या फेऱ्याला तिचा पीळ पडून ती तुटते. विज्ञानाच्या पुस्तकात याचे उत्तर स्लिप रिंग म्हणून दिलेले आहे. फिरत्या दांड्यावर धातूच्या गोल कड्या, त्यांना घासून राहणारे कार्बनचे तुकडे, आणि त्यांतून वीज. वडिलांनी पुस्तक वाचले नव्हते; परंतु रोज मोटारीचे कार्बन बदलणाऱ्या माणसाला ते सुचायला वेळ लागला नाही. त्यांनी पितळी पट्टी वाकवून दोन कड्या केल्या, मध्ये फायबरची चकती घातली आणि जुन्या मिक्सरचे कार्बन बसवले. ते चक्र दहा रात्री फिरले. मी तेव्हा सातवीत होतो आणि माझे काम होते दर तासाला कार्बनची पूड ब्रशने झटकणे.

इथे मला जे सांगायचे आहे ते असे. हलता देखावा दहा दिवस चालतो याचे कारण त्याचे यंत्र फार उत्तम असते हे नव्हे. ते बऱ्याचदा जुगाडच असते. तो चालतो, कारण पडद्यामागे एक माणूस पाना आणि टेस्टर घेऊन बसलेला असतो. पट्टा सुटला की तो चढवतो, फ्यूज उडाला की तार बदलतो, मोटर तापली की भाविकांना पाच मिनिटे आरतीत गुंतवायला सांगतो. मंडळाने ठरवलेल्या रकमेत या माणसाचे दहा रात्रींचे बसणे धरलेले असते. चौकातल्या शिल्पाच्या रकमेत मात्र ते सहसा धरलेले नसते. शिल्प बसते, फोटो निघतात आणि पडद्यामागची खुर्ची रिकामी राहते.

मी सुट्टीत घरी जातो तो अमरावती-अकोला रस्ता २०२२ च्या जून महिन्यात जागतिक विक्रमात गेला. ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला. विक्रम मोठाच आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. एखादा रस्ता दहा वर्षे विनाखड्डा ठेवल्याबद्दल विक्रमाची नोंद होत असल्याचे मात्र ऐकिवात नाही. विषयांतर झाले, पुढे जाऊ.

सरकारी किंवा महापालिकेच्या मागणीत काय काय येते? पुतळ्यांच्या बाबतीत नियम बरेच स्पष्ट आहेत. राज्यात थोर व्यक्तीचा पुतळा उभारायचा तर जिल्हा पातळीवर परवानगी लागते आणि मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागांवर पुतळे किंवा बांधकामे करण्यास राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये असे ठरले. रस्त्याची प्रकाशयोजना, वाहतूक, सुशोभीकरण अशा कामांना त्यातून वगळले. आपल्या अमरावतीत जानेवारी २०२२ मध्ये राजापेठच्या उड्डाणपुलावर परवानगीवाचून बसवलेला पुतळा महापालिकेने काढला आणि त्यावरून शहरात केवढे वादळ उठले, हे वाचकांना आठवत असेलच. गतिशिल्प हे कोणा व्यक्तीचे नसते. त्यामुळे ते 'सुशोभीकरण' या सदरात जाते. याचा फायदा असा की वाद कमी होतात. तोटा असा की त्याची कलात्मक परीक्षाही कोणी करीत नाही. बाके, कुंड्या, रंगीत फरशा आणि शिल्प एकाच निविदेत येतात आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते.

फरशीच्या बाबतीत कमी दर हा न्याय्य निकष आहे, कारण फरशी कशी असावी हे आधी लिहिता येते. जे शिल्प अजून कोणी कल्पिलेलेच नाही त्याचा दर कशाच्या आधारे भरायचा? म्हणून पहिली पायरी कल्पना मागवण्याची असावी, आणि ज्यांच्या कल्पना निवडल्या त्यांना नमुना करण्यासाठी मानधन द्यावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याची प्रथा पाडली आणि हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र तिथे आले. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम केला. टक्केवारी ठरली की कलेसाठी दर वेळी हात पसरावे लागत नाहीत, एवढे खरे.

नमुना मान्य होणे आणि मोठी वस्तू उभी राहणे यांत किती अंतर पडू शकते, ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, म्हणजे नऊ महिनेही टिकला नाही. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी नमुन्याला, असे त्या वेळी समोर आले. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आल्याचे वृत्तपत्रांनी छापले. त्याच जागी २०२५ मध्ये नवा ६० फुटी पुतळा उभा राहिला. त्याच्या निविदेत मात्र दहा वर्षांची देखभाल ठेकेदारावर टाकली होती. हा धडा किती महागात शिकला गेला ते सांगायला नको. आणि तो पुतळा तर स्थिर होता. जे फिरते त्याची झीज रोज होते.

वऱ्हाडाचे हवामान हा या बाबतीत वेगळा कारागीर आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हातले लोखंड ६० अंशांपर्यंत तापते. पौषातल्या रात्री तेच लोखंड १० अंशांवर येते. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मित्राने हिशेब करून दाखवला की या ५० अंशांच्या फरकाने दहा मीटरची पोलादी दांडी सुमारे ६ मिलिमीटर लांबते. बेअरिंगच्या बैठकीत तेवढी मोकळीक ठेवली नसेल तर ती उन्हाळ्यात आवळून बसणारच. त्यातच धूळ, आणि कापसाच्या दिवसांत हवेत उडणारी रुई. ती ग्रीसला चिकटली की ग्रीसची वात होते. वाऱ्याचेही तसेच. सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वादळात दर चौरस मीटर पत्र्यावर जवळजवळ ९८ किलो वजनाइतका दाब येतो. दहा चौरस मीटरची पाकळी असेल तर तिच्यावर एक टनाचा रेटा. म्हणून वादळात शिल्प वाऱ्याला पाठ देऊन मोकळे फिरेल किंवा खिळी घालून बांधता येईल, यांपैकी काहीतरी आधीच ठरलेले असावे. आणि ती खिळी घालायला कोण जाणार, हेही.

दिव्यांविषयी एवढेच सांगतो की एलईडी दिवा स्वतः सहसा लवकर जात नाही. त्याच्या पोटातला किंवा शेजारच्या डबीतला वीज बदलणारा भाग उष्णतेने जातो. ती डबी फिरत्या पत्र्यावर उन्हात न ठेवता खाली सावलीत ठेवली तर निम्मे दुखणे टळते. विजेचा खर्च लोक समजतात तेवढा नसतो. एक अश्वशक्तीची मोटर आणि ५०० वॅटचे दिवे रोज पाच तास चालवले तर दिवसाला सुमारे सव्वासहा युनिट लागतील, महिन्याला १९० च्या आत. विजेचे बिल परवडले नाही म्हणून शिल्प बंद पडले असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मी हे सारे घरी उत्साहाने सांगत होतो तेव्हा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "नळाले पानी नाही अन् चौकात फवारा! कोनाले पायजे थो?" याचे उत्तर मला देता आले नाही. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचे पाणी येते आणि कोणत्या दिवशी येणार यावर घरातल्या बायकांचा सगळा दिवस ठरतो. ज्या शहरात ड्रम भरून ठेवावे लागतात तिथे उडणारे पाणी ही शोभेची वस्तू म्हणून बसवणे मला आता निर्लज्जपणाचे वाटते. निदान आपल्या भागात तरी कारंजे नको, वारा आणि उजेड यांच्यावर भागवावे. पण आईचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या या प्रदेशात शिल्पावर पैसा घालावा का, असा तो प्रश्न आहे. मी स्वतःशी एवढे म्हणतो की मंडळाच्या देखाव्याला वर्गणी देणाऱ्यांत आईही असते, आणि दहा रुपयांची ती पावती तिने कधी उधळपट्टी मानली नाही. तो देखावा तिचा होता. पोरांनी दारात येऊन विषय सांगितला होता. चौकातले फूल कोणी तिला विचारून बसवले नव्हते. म्हणून विषय कोणता असावा हे त्या भागातल्या लोकांना विचारणे हा मागणीचा भागच धरावा असे माझे मत झाले आहे. विचारले तर काय सांगतील? अकोला-अमरावतीच्या माणसाला कदाचित कापसाचा रेचा सुचेल. दोन लाट्या उलटसुलट फिरतात, एका बाजूने कापूस जातो, सरकी खाली पडते आणि दुसऱ्या बाजूने रुई पांढऱ्या धुरासारखी निघते. रात्री दिव्यांनी ही रुई दाखवता येईल. मोर्णेच्या काठी २०१८ मध्ये शेकडो लोक जलपर्णी काढायला उतरले होते, तिथे असे काही असावे असे मला वाटते. परंतु हे माझे वाटणे आहे, विचारून घ्यावे.

करारपत्रात काय असावे यावर मी वडिलांशी बरेच बोललो. त्यांची पहिली अट मला सुचली नसती. ते म्हणाले, "बंद पडल्यावर कसं दिसते थे पहिले पाय." वीज जाणारच, मोटर कधीतरी उतरवावी लागणारच, तेव्हा थांबलेले शिल्प मेलेले दिसू नये. गणपतीसमोरचा देखावा थांबला तरी मूर्ती असते. काल्डरचे पत्रे वारा पडल्यावरही सुंदर दिसतात, याचा उल्लेख मी केला तेव्हा वडिलांनी मान हलवली, पण काल्डर कोण हे विचारले नाही. दुसरी अट सुट्या भागांची: परदेशी नियंत्रक नको, जी बेअरिंग आणि जो पट्टा अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीत मिळतो तोच घालावा. तिसरी, सगळ्याचा नकाशा आणि चाव्यांचे दोन जुडगे, एक महापालिकेत आणि एक जवळच्या कारागिराकडे. चौथी पैशाची. समजा शिल्पाला २५ लाख रुपये लागले, तर दरवर्षी पाच टक्के म्हणजे सव्वा लाख देखभालीसाठी वेगळे काढून ठेवावे. दहा वर्षांत ते साडेबारा लाख होतात. हा आकडा ऐकून पुष्कळांना शिल्पच नको वाटेल. ज्यांना तसे वाटेल त्यांनी ते बसवू नये, जागेवर कडुनिंब लावावा. कडुनिंबही वाऱ्याने हलतो.

इथे कोणी विचारील की स्थानिक मिस्त्रीला एवढे महत्त्व देऊन शिल्पकाराला कमी लेखले का जात आहे? माझा तसा हेतू नाही. वडिलांनी केलेला हत्ती हलायचा छान, पण दिसायचा म्हशीसारखा, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. आकाराची समज हे वर्षांच्या शिक्षणाचे काम आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या कलावंतांनी भंगारातल्या लोखंडातून गांधीजी आणि विनोबांचे पुतळे केले. ते पाहिले की भंगार तेच, पण हात कोणाचा याने केवढा फरक पडतो ते कळते. फक्त मागणी करताना दोघांची नावे एकाच कागदावर असावीत, आणि शिल्पकाराला मोबदला मिळून गेल्यावर दुसऱ्याचा मोबदला सुरू राहावा.

गेल्या वर्षी मंडळाची पोरे आषाढात आली नाहीत. त्यांनी भाड्याने एलईडीची भिंत आणली आणि तिच्यावर कालियामर्दन चलच्चित्रात दाखवले. गर्दी चांगली झाली. वडील एकदा जाऊन पाहून आले, "उजेड लय हाय" म्हणाले, आणि दुकानात पंपाची मोटर उघडून बसले. पितळेच्या त्या दोन कड्या मी पत्र्याच्या डब्यातून शोधून काढल्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी सायकलच्या जुन्या चाकाला पत्र्याची बारा पाती लावली, आसाला त्या कड्या बसवल्या आणि काठाला लहान दिवे जोडले. वारा असला की चाक फिरते आणि दिवे पेटते राहतात. तार पिळत नाही. सध्या ते आमच्या घराच्या पत्र्यावर आहे. कड्यांवरची पूड आठवड्यातून एकदा झटकावी लागते. मी अमरावतीला असतो तेव्हा ते काम आई करते, आणि करताना काय बोलते ते मला धाकट्या बहिणीकडून कळते.